अकरा पौंडांची पोस्त

लोकांच्या घरात शिरायचं, सगळं न्याहाळायचं आणि किंमत ठरवायची, हा माझा धंदा. चोरही तेच करतात, फक्त त्यांना नंतर रिपोर्ट लिहावा लागत नाही. हा विनोद मी प्रत्येक पार्टीत करायची आणि माझा नवरा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा हसायचा. संसार टिकतो तो अशा गोष्टींवर.

इंग्लंडमध्ये घरावर कर्ज देण्याआधी बँक सर्व्हेयर पाठवते. तो भिंतीला ओल आहे का बघतो, शिडी लावून छपराखालच्या लॉफ्टमध्ये डोकावतो, खोल्या मोजतो, शेजारच्या गल्लीतली घरं काय भावाने गेली ते काढतो आणि शेवटी एक आकडा लिहून खाली सही करतो. तर ती सही करणारी मी. पुण्यात सिव्हिल केलेलं. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून त्याच्यामागोमाग ईलिंगला आले, इथल्या परीक्षा नव्याने दिल्या, आणि एका मोठ्या फर्ममध्ये सहा वर्षं घासली. तिथला साहेब दर वर्षी बढतीच्या वेळी मला सांगायचा की माझी रिपोर्ट लिहायची स्टाइल जरा डायरेक्ट आहे. आता ओल आहे तिथे ओल आहे असं लिहायचं नाही, तर काय भिंत भावुक झाली आहे असं लिहायचं? सहाव्या वर्षीही हेच ऐकलं तेव्हा मी राजीनामा दिला. तो मात्र फारच गोड हसला आणि म्हणाला की दार उघडंच आहे, कधीही परत ये. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

मग २००६ साली घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, म्हणजे इथे जिला बॉक्स रूम म्हणतात तिच्यात, मी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. टेबल, फोन, प्रिंटर आणि मी. खुर्ची मागे सरकवली की दार उघडायचं नाही.

बँका माझ्यासारख्या एकट्या बाईला थेट काम देत नाहीत. मध्ये एक मॅनेजमेंट कंपनी बसलेली असते. माझ्या नशिबातली कंपनी क्रॉयडनला होती, एका उंच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. ती बँकेकडून काम घ्यायची, आमच्यात वाटायची, आणि फीमधला आपला वाटा काढून उरलेली रक्कम तीस दिवसांत आम्हाला द्यायची. निदान करारात तसं लिहिलं होतं. कर्ज घेणारा माणूस ही फी आधीच भरतो. म्हणजे मी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच माझे पैसे क्रॉयडनला पोचलेले असायचे. ही एक गोष्ट माझ्या फारच डोक्यात जायची.

२००८ साली बाजार आपटला. तीस दिवसांचे साठ झाले, साठाचे नव्वद झाले, आणि मार्चनंतर तर दिवस मोजण्यात अर्थच उरला नाही. ऑक्टोबरपर्यंत माझी एक्केचाळीस बिलं क्रॉयडनला अडकली होती. सहा हजार पौंडांना थोडे कमी.

दर मंगळवारी सकाळी दहाला मी फोन करायची. फोन उचलायची ती अकाउंट्समधली एक बाई, पन्नाशीची, तिथल्याच भागातली, मला पहिल्या दिवसापासून डार्लिंग म्हणणारी. ती दर वेळी नवं कारण द्यायची. बिल मिळालंच नाही. मिळालं, पण त्यावर ऑर्डर नंबर नाही. नंबर आहे, पण डाव्या कोपऱ्यात आहे, तो उजव्या कोपऱ्यात लागतो. आता सिस्टीम बदलतेय. सिस्टीम बदलली, त्यात जुनी बिलं दिसत नाहीत. मंजुरी देणारा माणूस सुट्टीवर आहे. एकदा तर तिने मला सांगितलं की चेक छापायचं मशीन फक्त एकाआड एक गुरुवारी चालतं आणि हा दुसरा गुरुवार आहे. मी पहिले दोन महिने तिच्यावर तोंडसुख घेतलं. मग लक्षात आलं की ही बाई ओरडा ऐकून घेण्यासाठीच पगार घेते, आपण फुकट घसा कोरडा करतोय.

मग आम्ही बोलायला लागलो. काय करणार, सात महिने दर मंगळवारी! तिचा गुडघा धरलेला होता. मी नवऱ्याला विचारून व्यायाम सांगितले. नवरा म्हणाला, मी गुडघ्यांचा डॉक्टर नाही, मी भूल देतो. मी म्हटलं, तिला इंग्लंडमध्ये गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत तूच चालशील. तिने ते व्यायाम केले, तिला बरं वाटलं, आणि बिलांचं काय झालं विचारल्यावर ती पुन्हा म्हणाली की डार्लिंग, मिळालीच नाहीत.

एका वकिलाचाही सल्ला घेतला, पहिला अर्धा तास फुकट असतो तो. त्याने करार वाचला आणि बोट ठेवलं. कंपनीने बिल तपासून मंजूर केलं की मगच पैसे देणं लागतात, असं त्यात होतं. म्हणजे कोर्टात गेलात तर ते म्हणणार, अजून तपासतोय. बिलं मिळाली आणि मंजूर झाली असं त्यांच्याकडून लिहून आलेली एक ओळ आणा, मग एका पत्रात काम होईल, असं म्हणून त्याने घड्याळाकडे बघितलं. त्या मंगळवारपासून मी बाईकडे ती एक ओळ मागायला लागले. ती म्हणायची, बघते हं. आणि बघत राहायची.

हे सगळं मी आणखी वर्षभरही रेटलं असतं. पण ऑक्टोबरमध्ये इन्शुरन्सचं पत्र आलं. सर्व्हेयरने किंमत चुकवली तर बँक त्याच्यावर दावा लावते, म्हणून आम्हाला विमा घ्यावाच लागतो. विमा नाही तर सही नाही, सही नाही तर धंदा नाही. बाजार पडल्यामुळे त्या वर्षी सगळ्यांचे हप्ते दुप्पट झाले होते. साडेचार हजार पौंड, तीस नोव्हेंबरच्या आत, एकरकमी. नवऱ्याच्या पगारातून घराचा हप्ता जायचा आणि तोही त्या उन्हाळ्यात वाढला होता. शिल्लक होती ती पहिल्याच वर्षी मी ह्या बॉक्स रूममध्ये घातली होती. बँकेने ओव्हरड्राफ्टला नकार दिला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या साहेबाचा फोन. बाजार वाईट आहे ना, म्हणाला. तुझी खुर्ची तशीच आहे. पगार अर्थात आधीइतका नाही जमणार.

म्हणजे सरळ हिशोब होता. क्रॉयडनचे पैसे तीस नोव्हेंबरच्या आत आले तर माझी प्रॅक्टिस, नाहीतर एक डिसेंबरला त्या गोड हसण्यासमोर जाऊन बसायचं. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा कुणाशी धड बोलता येईना. नवरा बिचारा घरात पाय न वाजवता चालायला लागला.

अशा घरात सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बॅगेत कपडे कमी आणि चकलीची भाजणी जास्त. दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. चकली तळताना धुराचा अलार्म दोनदा बोंबलला. तिसऱ्यांदा वाजायच्या आधी त्यांनी माझ्या नवऱ्याला स्टुलावर चढवून त्यावर शॉवर कॅप घालायला लावली. मग डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी फराळ कुणाकुणाला द्यायचा त्याची यादी केली. पुण्यात त्यांची यादी पानभर असते. पोस्टमन, गॅसवाला, बँकेतला कॅशियर, लाइटबिल घेणारा, सगळे. इथे आमची यादी शेजारचं म्हातारं जोडपं आणि नवऱ्याचा वॉर्ड, एवढ्यावर संपली. त्यांना ती फारच रोडकी वाटली.

मग त्या म्हणाल्या की ती फोनवरची बाई राहिली. बॉक्स रूमची भिंत पातळ, माझे सगळे मंगळवार त्यांनी ऐकले होते. मी म्हटलं, आई, ती माझे पैसे देत नाहीये. त्यावर त्यांचं म्हणणं, पैसे कंपनी देत नाहीये, ती बाई नुसती फोन उचलते. सात महिने तू तिच्याशी बोलतेस, तिचा गुडघा काय म्हणतो ते तुला माहीत आहे आणि दिवाळीत तिला चार लाडू नाहीत, हे बरं दिसतं का?

मला ते पटलं, असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात आलं की त्या निमित्ताने सहावा मजला तरी बघता येईल. बाई समोरासमोर भेटली तर ती ओळ लिहून देईलही. तेव्हा मी गेल्या ख्रिसमसचा चॉकलेटचा मोठा डबा त्यांना काढून दिला. त्यांनी तो भरला, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात ठेवला. मी आत बघितलं नाही. सासूने बांधून दिलेला डबा कोण उघडून बघतं!

ईलिंगहून क्रॉयडन म्हणजे लंडनच्या पोटातून आरपार जायचं. आधी ट्यूब, मग व्हिक्टोरियाहून ट्रेन. सगळ्या प्रवासात डबा मांडीवर आणि आसपास बेसनाचा वास. एका गोऱ्या आजोबांनी काय आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि उतरेपर्यंत ते डब्याकडे बघत होते. इमारतीत रिसेप्शनवरच्या मुलीने मला वर सोडलं नाही. अपॉइंटमेंट नाही, म्हणाली. मी डबा काउंटरवर ठेवला, बाईचं नाव चिकटवलं आणि हात हलवत परत आले. पुढच्या मंगळवारी बाईने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी जाडजूड पाकीट आलं.

पत्र कम्प्लायन्सकडून होतं. कंपनीत सगळं नियमाने चाललंय की नाही हे बघायला नेमलेल्या खात्याकडून. पैसे बुडवणाऱ्या कंपनीत असलं खातं असतं हीच मुळात करमणूक. पत्रात लिहिलं होतं की ज्या पुरवठादाराची बिलं प्रलंबित आहेत त्याने ती बिलं हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला भेट पाठवल्याचं निदर्शनास आलं आहे. संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः ते कळवलं आहे. लाच देण्याच्या प्रयत्नाची चौकशी सुरू असून ती पूर्ण होईपर्यंत मला द्यायची सर्व देणी स्थगित करण्यात येत आहेत.

स्थगित! जे पैसे सात महिने मिळतच नव्हते ते आता स्थगित झाले.

पुढच्या पानावर भेटीचं वर्णन होतं. धातूचा डबा, एक. तळलेले पदार्थ, विविध आकारांचे; सेवन झाल्यामुळे परत करता येत नाहीत. पिवळे गोल पदार्थ, अकरा. तेही सेवन झाले. हिरवं कापड, ऐंशी सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या पुड्या दोन, एकीत पिवळी आणि एकीत लाल पावडर, तपासणीसाठी सिक्युरिटीकडे. आणि पाकीट एक, वर अनोळखी लिपीत मजकूर, आत रोख रक्कम. दहाची नोट आणि एक पौंडाचं नाणं.

मी ते वाचून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी विचारलं, डब्यात पाकीट कुणी ठेवलं? त्या म्हणाल्या, मीच, दिवाळीची पोस्त. आणि सवाष्ण आहे असं समजून हळद-कुंकू आणि खण. नुसत्या फराळाचा डबा कसा द्यायचा?

मी काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. माझा धंदा बुडवलात म्हणाले. इथे कुणाला पोस्त देत नाहीत, इथे त्याला लाच म्हणतात, तुमच्या यादीपायी मी त्या जुन्या साहेबाच्या दारात जाऊन उभी राहणार आता, असं सगळं बोलून घेतलं. त्यांनी मेथी निवडणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, अकरा पौंडांत कोण विकलं जातं? मला लाच द्यायची असती तर मी नीट दिली असती."

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढत होत्या, तेही माझ्या आवडीचं, आणि ते गिळणं फार कठीण होतं.

त्याहून जास्त राग मला बाईचा आला होता. चकल्या खाल्ल्यास, लाडू खाल्लेस, अकराच्या अकरा, आणि वर जाऊन चुगली केलीस? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी ती हीच, असं मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. पत्रासोबतची बाकीची पानं मी वाचलीच नाहीत. पाकीट फ्रिजवर फेकलं आणि कम्प्लायन्सला उत्तर लिहायला बसले, कारण उत्तराला चौदा दिवसांची मुदत होती.

असलं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं. पिवळी पावडर ती हळद, खाता येते. लाल ते कुंकू, कृपया खाऊ नये, कपाळाला लावतात. हिरव्या कापडाला खण म्हणतात, बायका एकमेकींना देतात. रक्कम अकरा आहे कारण शुभ रकमेवर एक जास्त ठेवायची पद्धत आहे. तीन पानं झाली. मोठ्या फर्ममधल्या साहेबाने वाचली असती तर खूश झाला असता, डायरेक्ट असं त्यात काहीच नव्हतं. चार दिवसांनी कम्प्लायन्सच्या माणसाचं उत्तर आलं. खुलाशाबद्दल आभार. पावडरचा प्रश्न मिटला आहे. तरी कापडाचा अंतिम उपयोग काय, हे कृपया स्पष्ट करावं.

आता ह्याला काय सांगायचं? खणाचा अंतिम उपयोग पुढच्या बाईला देणे हा आहे. तो कुणी शिवत नाही. माझ्या कपाटात असे तीस पडले आहेत आणि त्यातले निम्मे तरी मी ज्यांना दिले होते त्यांच्याकडूनच फिरून आलेले आहेत. मी डोकं धरून बसले. त्या दिवशी वीस तारीख होती, दहाच दिवस राहिले होते. साहेबाला फोन करून हो म्हणून टाकावं, असं मी त्या रात्री जेवताना बोलून दाखवलं. बोलताना मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नवरा उठला, फ्रिजवरचं पाकीट काढलं आणि वाचत बसला. डॉक्टर लोकांना एक खोड असते, पेशंटची फाइल ते मागून पुढे वाचतात. शेवटच्या पानावर काय चाललंय ते कळतं, पहिल्या पानावर नुसता इतिहास असतो, असं त्याचं म्हणणं. कम्प्लायन्सचा माणूस त्या अख्ख्या कंपनीतला बहुधा एकच सरळ माणूस असावा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला सगळी कागदपत्रं द्यायची असा नियम होता, म्हणून त्याने ती सगळी, एकही पान न वगळता, पाठवली होती.

शेवटी बाईने भरलेला फॉर्म होता. भेट मिळाल्यावर भरायचा. नवऱ्याने तो माझ्यापुढे सरकवला आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. भेट देणाऱ्याचं तुमच्याकडे काही काम प्रलंबित आहे काय? असल्यास संपूर्ण तपशील द्यावा.

बाईने संपूर्ण तपशील दिला होता. तीन पानं, सुवाच्य अक्षरात. माझी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बिलं, प्रत्येकाचा नंबर, रक्कम, मिळाल्याची तारीख, मंजूर झाल्याची तारीख. काही तर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मंजूर झाली होती. शेवटच्या रकान्यात प्रत्येकासमोर तेच, वरिष्ठांच्या सूचनेवरून पैसे रोखले. खाली बेरीज. बेरजेखाली तिची सही.

मी ती पानं दोनदा वाचली. वकील म्हणाला होता एक ओळ आण. इथे एक्केचाळीस होत्या, आणि कंपनीनेच त्या मला स्वतःच्या तिकिटाने घरपोच पाठवल्या होत्या. मी इतक्या जोरात हसले की सासूबाई घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी वकिलाने त्या पानांची प्रत जोडून पत्र धाडलं. सात दिवसांत पैसे द्या, नाहीतर कोर्ट. कोर्टापुढे हा कागद यायला नको असेल त्यांना, कारण त्या शेवटच्या रकान्यात बरंच काही होतं. सहाव्या दिवशी सगळी रक्कम खात्यावर जमा झाली, अगदी पै न पै. अठ्ठावीस तारखेला मी विम्याचा हप्ता भरला. साहेबाला फोन करून सांगितलं की खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. तेवढं एक वाक्य मी अगदी डायरेक्ट बोलले.

मग सासूबाईंच्या पाया पडले. दिवाळी संपून महिना झाला होता, तरी पडले. त्या म्हणाल्या, बरं बरं, आणि कुकर लावला.

मंगळवारी दहाला मी फोन केला. या वेळी बाईने उचलला. ती म्हणाली की तिला लेखी समज मिळाली आहे. भेट वीस मिनिटं उशिरा कळवली म्हणून. लाडू संपल्यावर कळवली होती. मी तिला विचारलं की सात महिने मी एक ओळ मागत होते, तेव्हा का नाही दिलीस?

 ती म्हणाली, "तुला लिहून पाठवलं असतं तर त्याच दिवशी घरी बसले असते. आम्हाला वरून सांगितलंच होतं, फोनवर काहीही सांगा, कागदावर काही नको. त्या फॉर्मच्या खाली मात्र छापलेलं असतं, वरील सर्व माहिती खरी आहे. त्यावर खरं लिहिलं म्हणून मला कोण काढणार? तुझं ते पाकीट बघितलं आणि मी स्वतः जाऊन फॉर्म मागून आणला."

 मी तिला काय काय म्हटलं होतं, तिच्या मागे, माझ्याच घरात, ते सगळं मला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची माफी मागितली. कशाबद्दल ते तिला कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. मग मी विचारलं, माझ्यासारखे आणखी कितीजण आहेत?

"ड्रॉवर भरलाय," ती म्हणाली. "पण त्यांनी कुणी मला काही पाठवलं नाही गं. फॉर्म कशावर भरू?"

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आले. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली? मी सगळं सांगितलं. ड्रॉवरचंही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हातातलं काम बाजूला ठेवलं, आणि म्हणाल्या, "मग ह्या सगळ्यांच्या नावाने एकेक डबा जायला हवा. भाजणी आहे अजून शिल्लक. तू नावं मागून घे."

मला ती चेष्टाच वाटली, हसू आलं. मी म्हटलं, आई, आता एक संकट टळलंय तेवढं पुरे, आणि विषय बदलला. त्या भाजणीचं भांडं काढून उभ्या होत्या, त्यांनी ते परत वर ठेवलं. फेब्रुवारीत कंपनी बुडाली. ड्रॉवरमधल्या कुणालाही एक पेनी मिळाली नाही. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाईंनी चेष्टा केलीच नव्हती.